पालखीची वेलांटी आणि ग्रुप सोडून गेलेले काका

प्रश्न मोठा होता, थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, निम्मी माणसं गावात आणि निम्मी मुंबई-विरारला. शिमग्यात, म्हणजे कोकणातल्या होळीत, ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. त्याच्या बरंच आधी वाडीतल्या एका काकांनी मेसेज टाकला, "पालखि आपल्या वाडीत रवीवारी रात्रि येनार आहे सर्वानी ऊपस्तीत रहावे". प्रश्न विचारणाऱ्या दादांनी त्याच्याखाली अख्खं वाक्य सुधारून टाकलं, दोघातिघांनी हसण्याचे इमोजी दिले आणि काका त्याच रात्री ग्रुप सोडून गेले. आता दादांचे वडीलही त्यांच्याशी बोलत नाहीयेत. दादा विचारतायत की मी खोटं काय बोललो, मराठीची अशी वाट लागत असताना गप्प बसायचं का, आणि बोलायचं तर कधी आणि कसं.

मी चिपळूणला राहते आणि गेली २७ वर्षं मुद्रितशोधन करते, म्हणजे छापायला जायच्या आधी मजकूर तपासायचं काम. सुरुवात एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि हँडबिलांपासून झाली, मग काही वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीला रात्रपाळी केली, आता घरूनच दिवाळी अंक, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल असं जे येईल ते तपासते. चूक दिसली की जीव कसा कासावीस होतो ते मला चांगलं माहितीय, त्यामुळे तुमची तगमग खरी आहे हे आधीच मान्य करते. मराठीच्या काळजीपोटी बोललात हेही मला पटतं.

पण माझ्या मते तुमचा प्रश्न शुद्धलेखनाचा नाहीये. माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद कुणीतरी स्वतःहून "जरा बघून द्या" म्हणून आणलेला असतो. मी त्यावर लाल पेनने कितीही रेघा मारल्या तरी तो कागद लिहिणारा आणि मी, आमच्या दोघांतच राहतो, छापून येतं तेव्हा लाल रेघ कुणाला दिसत नाही. तुम्ही न मागता तपासलंत आणि लाल रेघांसकट कागद वाडीभर फिरवलात. ज्या पोरांना काकांनी लहानपणापासून पालखीच्या पुढे-मागे नाचताना बघितलं ती पोरं त्यांना हसली, आणि गावात वय झालेल्या माणसाकडे मानाशिवाय दुसरं असतंच काय. काका गेले ते त्यासाठी, वेलांटीसाठी नाही.

आता त्यांचं वाक्यच जरा जवळून बघू, कारण त्यात चुका एका जातीच्या नाहीत आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

'पालखि' ही साधी चूक आहे, मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इ आणि उ दीर्घ, म्हणून पालखी. पण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा कीबोर्ड असला की ऱ्हस्व-दीर्घ बऱ्याचदा माणूस ठरवत नाही, वर जी सूचना आधी येते तिच्यावर बोट पडतं आणि चष्मा खिशात असेल तर वेलांटी पहिली की दुसरी हे दिसतही नाही. 'रवीवारी'मध्ये तर काकांचा तर्क चुकीचा म्हणवत नाही, सुटा शब्द आपण 'रवी' असा दीर्घच लिहितो, समासात तो पहिला आला की मूळ संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व होतो म्हणून 'रविवार', हे शाळेत किती जणांना नीट समजावून सांगितलेलं असतं? 'रात्रि' हे तर संस्कृतातलं मूळ रूपच आहे, आपण मराठीत दीर्घ करतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांनी पाटीवर जे गिरवलं ते आत्ताचे नियम यायच्या आधीचं होतं हेही लक्षात असू द्या. माझी आजी शेवटपर्यंत पत्रात 'येथें सर्व क्षेम' असा टिंब देऊनच लिहायची आणि तिच्या काळात तेच बरोबर होतं.

'येनार' आणि 'सर्वानी' या वेगळ्या गोष्टी. आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच घरांत ण हा न सारखाच बोलला जातो, आणि 'सर्वांनी'मधलं टिंब बोलताना फारसं ऐकू येत नाही, काकांनी कानाला ऐकू येतं तसं लिहिलं. आणि 'ऊपस्तीत' वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण हा शब्द त्यांच्या रोजच्या तोंडातला नाहीच, दारात उभे असते तर "सगळ्यांनी या रे" म्हणाले असते. ग्रुपवर लिहायचं, सगळ्यांना मान देऊन बोलवायचं म्हणून त्यांनी पत्रिकेतला मोठा शब्द आठवून आठवून काढला आणि नेमका त्याच शब्दावर हशा झाला.

एवढं सगळं तपासून तुमच्या नजरेतून जी सुटली ती खरी उणीव वेगळीच आहे. कुठला रविवार? मेसेजमध्ये तारीख नाही. मुंबईच्या माणसाला कोकण रेल्वेचं तिकीट ६० दिवस आधी काढायचं असतं, शिमग्याला वेटिंग लागायला वेळ लागत नाही, त्याच्यासाठी 'पालखि' की 'पालखी' याने काही बिघडत नाही पण तारखेने सगळं बिघडतं. "काका, किती तारखेचा रविवार? तिकीट काढायचं आहे" असं विचारलं असतंत तर मेसेज खरोखर सुधारला असता आणि काकांनाही बरं वाटलं असतं की पोरं यायची तयारी करतायत.

आणि एक, तुम्ही विचारलंत म्हणूनच सांगते, तुम्ही सुधारून दिलेल्या वाक्यात 'रहावे' तसंच ठेवलंत, प्रमाण लेखनात ते 'राहावे', कारण क्रियापद 'राहणे' आहे. तुम्ही मला विचारलंत, मी सांगितलं, तुम्हाला यात अपमान वाटायचं कारण नाही. ग्रुपवर हेच कुणी इमोजी लावून लिहिलं असतं तर कसं वाटलं असतं?

नियमांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण अशा भांडणांत नियमांचं नाव फार घेतलं जातं आणि वाचलेले थोड्यांनी असतात. आत्ता आपण पाळतो ते नियम मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ साली सरकारने १४ मान्य केले आणि १९७२ साली ४ वाढवले, एकूण १८, चार-पाच पानांत मावतील एवढेच. त्यात स्पष्ट आहे की पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी. त्यातच असंही आहे की केशवसुतांच्या आधीची कविता छापताना ती मुळात होती तशीच छापावी, आजच्या नियमांनी सुधारू नये. केशवसुत आपल्या मालगुंडचे, आणि ज्यांचं व्याकरण आजही अभ्यासकांना उघडावं लागतं ते मोरो केशव दामले त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. व्याकरण काही कोकणाला परकं नाही. पण नियम करणाऱ्यांनाही कळलं होतं की जुन्या माणसाचं आणि बोलणाऱ्या माणसाचं लिखाण हात न लावता ठेवावं लागतं. मग ग्रुपवर "माका येवक जमाचा नाय" असं कुणी लिहिलं आणि खाली कुणी "मला यायला जमणार नाही" अशी दुरुस्ती केली तर ती दुरुस्तीच चूक आहे, ती मालवणी आहे, अशुद्ध मराठी नव्हे. संगमेश्वरी, आगरी, दापोली-खेडकडच्या मुसलमान घरांतली कोकणी, सगळ्यांना हेच लागू.

म्हणूनच मला 'शुद्धलेखन' या शब्दाचाच त्रास होतो आणि मी हल्ली 'प्रमाणलेखन' म्हणते. शुद्ध म्हटलं की समोरचा आपोआप अशुद्ध ठरतो, आणि अशुद्ध म्हणजे काय हे आपल्या गावांत कुणाला कसं ऐकवलं गेलंय ते वेगळं सांगायला नको. 'पानी' म्हणणाऱ्या एका मुलीला वर्गात उभं करून तिच्यावर सगळ्यांना हसवलेलं मी माझ्या शाळेत डोळ्यांनी पाहिलंय. त्या मुलीने नंतर वर्गात तोंड उघडलं नाही, वाचायची वेळ आली की घसा धरलाय म्हणायची. तुम्ही जातीवरून वगैरे काही बोलला नाहीत हे मला कळतंय, पण काकांच्या वयाच्या माणसाने ते हसू आधीही ऐकलेलं असतं.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका ग्रुपवर एक आजोबा जुन्या बोटीच्या आठवणी लिहायचे. मुंबईहून निघणारी ती आगबोट, एकेक बंदर घेत गोव्यापर्यंत जाणारी, पावसाळ्यात बंद असायची. दाभोळला बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायची, लाट वर आली की पाऊल टाकायचं, खाली गेली की थांबायचं, आईने लहान भावाला कसं खलाशाच्या हातात टाकलं आणि मागून ट्रंक कशी आली, सगळं त्यांनी मोबाईलवर एका बोटाने टाइप केलेलं. पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही, पण वाचताना पाणी अंगावर उडायचं. तीन भाग आले. तिसऱ्याच्या खाली मी, सवयीने, अगदी प्रेमाने, एक फुली काढून लिहिलं 'बोटीतून', कारण त्यांनी सगळीकडे 'बोटीतुन' लिहिलं होतं. त्यांनी "धन्यवाद ताई" असं उत्तर दिलं. चौथा भाग आला नाही. मी दोनदा विचारलं तर म्हणाले, "माझं मराठी कच्चं आहे हो, तुमच्यासारखी जाणकार माणसं आहेत तिथे कशाला." दोन वर्षांनी ते गेले. पुढे काय झालं, बोट कुठे थांबली, त्या प्रवासात ते कुणाकडे चालले होते, हे आता कुणालाच माहिती नाही आणि ते मी थांबवलं, एका उकाराने. हे मला अजून बोचतं आणि तुम्हाला एवढं लांबण लावून लिहितेय तेही त्यामुळेच.

तर तुमचा दुसरा प्रश्न, गप्प बसायचं का. नाही, सगळीकडे नाही, ते कशावर अवलंबून आहे ते सांगते.

अर्थ किंवा जीव धोक्यात असेल तर लगेच, सगळ्यांसमोर बोला, पण प्रश्न म्हणून बोला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं त्या पहाटे, नेटवर्क होतं तोवर, मला एक फॉरवर्ड आला, "खेड मधे पानी घूसल गच्चीवर सहा मानस आहेत एक मातारी". चिपळुणात खेंड नावाचा भाग आहे आणि खेड हे परशुराम घाटापलीकडचं वेगळं गाव, तिथेही जगबुडी नदी चढलेली होती. म्हणजे एका टिंबाने बचावाची बोट तीस किलोमीटर लांब गेली असती. मी ज्याने पाठवलं त्याला फक्त एवढंच लिहिलं, "खेड का खेंड?" उत्तर आलं "खेंड चिपळून". मी ते नीट लिहून, कुठल्या इमारतीमागे ते विचारून, पुढे बोटींची जमवाजमव करणाऱ्या पोरांकडे दिलं. माणसं दुपारी खाली आली. त्या मेसेजमध्ये पाच-सहा चुका होत्या, त्यातली एकच महत्त्वाची होती, आणि आमच्या धंद्यात खरी नजर म्हणतात ती हीच, कुठली चूक आत्ता बघायची हे कळणं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कुणी चुकून ३१ जून लिहिलं, किंवा 'समुद्रात जाऊ नये' मधला न गाळला, तर तिथे संकोच करायचा नाही.

दुसरं, जे दगडावर, फ्लेक्सवर किंवा कागदावर कायमचं उमटणार आहे. देवळाच्या पाटीचा मसुदा ग्रुपवर आला आणि त्यात 'जीर्णोध्दार' दिसलं तर सांगायलाच हवं, ते 'जीर्णोद्धार', आधी द मग ध. ही चूक होते कारण जोडाक्षराच्या आकारात ध खाली लटकलेला असतो आणि बघणाऱ्याला कुठलं अक्षर आधी ते कळत नाही, 'श्रद्धांजली', 'शुद्ध', 'प्रसिद्ध' सगळ्यांचं तेच. पण तेही ग्रुपवर नको, ज्याच्याकडे पाटीचं काम आहे त्याला फोन करा आणि संगमरवरावर छिन्नी लागायच्या आधी करा. नंतर सांगून त्या माणसाला आयुष्यभर त्या पाटीसमोरून मान खाली घालून जायला लावण्यात काही अर्थ नाही. शाळेच्या ग्रुपवर गुरुजींनी पाठवलेल्या नोट्सचंही असंच, ती चूक चाळीस वह्यांत जाणार असते, म्हणून सांगायचं, पण गुरुजींना एकट्याला.

ग्रुप कुठला हेही बघावं लागतं. माझा मुद्रितशोधक मैत्रिणींचा एक ग्रुप आहे, तिथे आम्ही एकमेकींच्या चुका धडाधड काढतो, कारण सगळ्याजणी त्यासाठीच जमलोय. वाडीचा ग्रुप त्यासाठी नाही.

आणि काही ठिकाणी अजिबात नाही. कुणी गेल्याच्या बातमीखाली लोक 'श्रध्दांजली' लिहितात, लिहू देत. वादात तर कधीच नाही. मध्ये एका ठिकाणी पर्ससीनवरून, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांवरून, वाद चालला होता, एक पारंपरिक मच्छीमार लिहीत होता की मोठ्या जाळ्यांमुळे आमच्या छोट्या होड्यांना किनाऱ्याजवळ काही राहत नाही, डिझेलचा खर्च निघत नाही, मुद्देसूद लिहीत होता फक्त चुका होत्या. एकाने उत्तर दिलं, "आधी मराठी लिहायला शिका". मुद्द्याला उत्तर नसलं की माणूस वेलांटी पकडतो. त्या मच्छीमाराचं म्हणणं बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण ते तिथेच संपलं.

बोलायचं ठरलंच तर कसं, त्यावर माझी पद्धत साधी आहे. प्रूफ वाचताना लेखकाचा शब्द खटकला तर मी तो खोडत नाही, कागदाच्या कडेच्या समासात प्रश्नचिन्ह काढते, म्हणजे "तुम्हाला हेच म्हणायचंय ना?" निर्णय त्याचा. ग्रुपवर त्याहून सोपं म्हणजे आपल्या उत्तरात तोच शब्द नीट लिहायचा, बोट न दाखवता. काकांनी 'येनार' लिहिलं, तुम्ही "पालखी येणार म्हणजे मजा आहे काका" लिहा. ज्याला उचलायचं तो उचलतो. आमच्या ग्रुपवरची एक बाई पूर्वी 'आर्शिवाद' लिहायची, मी वर्षभर माझ्या मेसेजमध्ये 'आशीर्वाद' लिहीत राहिले, आता ती नीट लिहिते आणि तिला कुणी काही सांगितलेलं नाही. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, बऱ्याच जणांना फरक दिसत नाही, तरी हरकत नाही.

मराठीची वाट लागतेय या तुमच्या काळजीबद्दल एवढंच म्हणते. मी ग्रुपांवर बघतेय, ज्याला एकदा चारचौघांत सुधारलं तो पुढच्या वेळी शुद्ध लिहीत नाही, तो लिहीतच नाही. मग तो हात जोडल्याचं चित्र टाकतो, गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड पाठवतो, नाहीतर इंग्रजी अक्षरांत लिहायला लागतो. एका बोटाने टाइप केलेलं 'रात्रि येनार' हे मराठी आहे, देवनागरीत आहे, एका म्हाताऱ्या माणसाने स्वतः लिहिलेलं आहे. मला प्रमाणलेखन प्राणापलीकडे आवडतं, त्यावर माझं घर चालतं, पण लिहिणाराच उठून गेला तर मी सुधारणार काय?

आता काकांचं. मेसेज करू नका, माफीचा मेसेजही नको, तो परत लिहिलेला शब्दच होतो आणि त्यात परत चुका-बरोबर आलं. फोन करा, संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर. शुद्धलेखनाचा विषय काढू नका, "मी सगळ्यांसमोर लिहायला नको होतं काका" एवढं एक वाक्य पुरे, त्याच्यापुढे स्पष्टीकरण देऊ नका. मग विचारा की पालखी कुठल्या तारखेला, आपल्या घरी किती वाजता, आणि आधी कुणाकडे जाणार, कारण घरांचा तो क्रम तुमच्या वाडीत बहुतेक त्यांनाच तोंडपाठ असेल. त्यांना म्हणावं हे ग्रुपवर तुम्हीच टाका, मुंबईवाले वाट बघतायत. परत यायला वेळ घेतील, घेऊ देत, ॲडमिनला सांगून परस्पर ॲड करू नका. इमोजी टाकणाऱ्यांशी तुम्ही स्वतंत्रपणे बोला, तेही फोनवर. आणि काकांचा तो मेसेज येईल तेव्हा कशाही वेलांट्या असल्या तरी त्याच्याखाली पहिलं उत्तर तुमचं जाऊ दे, "मिळालं काका, तिकीट काढतो".